पावलांना वास का येतो?

पावसाळ्याचे दिवस होते. शाळा सुटल्यावर एक मुलगा आपल्या मित्राला आग्रहाने घरी घेऊन आला. दाराशी येताच त्याने बूट काढले आणि तो आत गेला. पाहुणा मुलगा मात्र उंबरठ्याबाहेरच घुटमळत राहिला. स्वयंपाकघरातून मित्राच्या आईने हाक मारली, "अरे, बाहेर का उभा? आत ये. गरम पोहे केले आहेत." तरीही त्याचा हात बुटाच्या नाडीकडे जाईना. "नको काकू, उशीर होईल," असे कसेबसे पुटपुटून तो आल्या पावली परत फिरला.

त्याला उशीर होत नव्हता. त्याला भूकही लागली होती. परंतु चार दिवसांपूर्वी शाळेत कवायतीनंतर त्याने बूट काढले, तेव्हा शेजारच्या मुलांनी नाकाला रुमाल लावला होता आणि सारा वर्ग हसला होता. ते हसू अजून त्याच्या कानांत घुमत होते. पुन्हा कोणासमोर बूट काढण्यापेक्षा उपाशी राहिलेले बरे, असे त्याला वाटत होते.

घरात, देवळात किंवा मांडवात जाताना पादत्राणे बाहेर काढून ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. रस्त्यावरची धूळ आणि चिखल घरात येऊ नये, हा तिचा उघड लाभ होय. पूर्वी या रीतीला आणखी एका रीतीची जोड होती. बाहेरून आलेला माणूस आधी पाय धुई आणि मग घरात पाऊल टाकी. पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे प्रथम येई. देवाच्या पूजेतील सोळा उपचारांतही पाय धुण्याच्या पाण्याला 'पाद्य' या नावाने स्थान आहे. त्या काळी बहुतेकांच्या पायांत उघड्या वहाणा असत, नाहीतर पाय अनवाणी असत. त्यामुळे पावलांना दिवसभर वारा लागे. पुढे बूट व पायमोजे आले. काटे, खडे, चिखल यांपासून त्यांनी पावलांचे रक्षण केले. परंतु सकाळपासून सायंकाळपर्यंत पाऊल बंदिस्त झाले. पाय धुण्याची जुनी रीत मात्र पुष्कळ घरांतून मागे पडली.

तेव्हा, ज्याच्या पावलांना वास येतो तो मुलगा घाणेरडा, असे म्हणणे योग्य होईल काय? पुष्कळांना तसेच वाटते. रोज स्नान करणाऱ्या मुलाच्या पावलांनाही वास येऊ शकतो, हे मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. हा वास कोठून येतो, हे समजण्यासाठी घाम, जंतू आणि कोंडलेली ओल या तीन गोष्टींची ओळख करून घेतली पाहिजे.

घाम

माणसाच्या त्वचेत घाम तयार करणाऱ्या अतिशय लहान ग्रंथी असतात. साऱ्या शरीरावर मिळून त्यांची संख्या सुमारे 20 ते 40 लाख भरते. त्या सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात. पाठीवर एका चौरस सेंटिमीटर जागेत शंभराहूनही कमी ग्रंथी असतात, तर तळहातावर आणि तळपायावर तेवढ्याच जागेत त्या काही शेकड्यांनी मोजाव्या लागतात. म्हणजे ज्या अवयवाला माणूस दिवसभर बुटात कोंडतो, त्याच अवयवावर घामाच्या ग्रंथींची दाटी सर्वांत अधिक असते.

या घामाचा जवळजवळ सर्व भाग म्हणजे निव्वळ पाणी होय. त्यात थोडे मीठ आणि इतर काही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. नुकत्याच सुटलेल्या या घामाला जवळजवळ काहीच वास नसतो. तळहातावरही तेवढाच घाम येतो. पण हातांना असा वास येत नाही, कारण हात उघडे असतात आणि दिवसातून अनेक वेळा धुतले जातात. तेव्हा वासाचा दोष एकट्या घामावर ढकलता येत नाही.

तळपायाच्या घामाची आणखी एक विशेष गोष्ट आहे. पाठीवरचा किंवा छातीवरचा घाम मुख्यतः उकाड्याने सुटतो. तळहात आणि तळपाय यांना मात्र भीतीने, काळजीने आणि लाजेनेही घाम फुटतो. परीक्षेच्या वेळी बोटे ओलसर होऊन लेखणी निसटू लागते, हा अनुभव पुष्कळांना असेल. त्याच वेळी बुटात पावलेही ओली होत असतात. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पावलांच्या वासावरून एखाद्याला वर्गात हसले, की तो लाजतो आणि धास्तावतो; त्यामुळे त्याच्या पावलांना अधिक घाम सुटतो, आणि अधिक घामामुळे वास वाढतो. हसणारे वासाला हसतात खरे, पण त्यांच्या हसण्यामुळेच तो वास वाढत असतो.

अकरा-बारा वर्षांच्या सुमारास शरीर वाढीच्या नव्या टप्प्यात शिरते आणि घामही अधिक येऊ लागतो. म्हणून लहानपणी कधी न जाणवलेली ही अडचण याच वयात अनेक मुलामुलींपुढे उभी राहते. तिच्यात आश्चर्य वाटण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही.

जंतूंची मेजवानी

प्रत्येक माणसाच्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म जंतू राहत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. राजाच्या त्वचेवर ते असतात आणि रंकाच्याही त्वचेवर असतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. काही तर उपकारकही असतात, कारण रोगट जंतूंना ते त्वचेवर सहज ठाण मांडू देत नाहीत.

इतर सजीवांप्रमाणे या जंतूंनाही अन्न, पाणी आणि ऊब हवी असते. बंद बुटात या तिन्ही गोष्टी त्यांना आयत्या मिळतात. पाणी घामातून मिळते. ऊब शरीराकडून मिळते. अन्नही तेथेच तयार असते. तळपायाची कातडी शरीरातील सर्वांत जाड कातडी होय. तिचा वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो सतत झिजत असतो. कोरड्या पायावर हा थर टणक राहतो; परंतु तासन् तास ओलीत राहिला, की तो फुगून पांढुरका व मऊ पडतो. अशा मऊ झालेल्या थरावर आणि घामातील द्रव्यांवर जंतू ताव मारतात. त्यांची संख्या झपाट्याने वाढते. अन्न पचवताना ते जे पदार्थ बाहेर टाकतात, त्यांनाच तो उग्र वास असतो.

हा वास नेमका कोणत्या पदार्थाचा, याचा शोध जपानमधील संशोधकांनी घेतला. शिसेडो या प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी 1990 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या पावलांना तीव्र वास येत होता, त्यांच्या पावलांवर त्यांना आयसोव्हॅलेरिक आम्ल नावाचा पदार्थ विशेष आढळला. पुढे 2006 साली जपानमधीलच दुसऱ्या एका गटाने हे आम्ल कसे तयार होते, ते दाखवून दिले. घामात ल्युसीन नावाचे एक द्रव्य अल्प प्रमाणात असते. त्वचेवर नेहमी राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू ल्युसीनचे विघटन करतो आणि त्यातून हे आम्ल निर्माण होते. ते सहज हवेत मिसळते, म्हणून बूट काढताच त्याची वार्ता नाकापर्यंत पोचते.

युरोपात लिम्बर्गर नावाचे चीज होते. त्याचा वास इतका उग्र असतो, की नवख्या माणसाला ते तोंडाजवळ नेणेही कठीण जाते. हे चीज मुरवण्यासाठी ज्या जंतूंचा उपयोग करतात, त्यांचेच जवळचे भाऊबंद माणसाच्या पावलांवर राहतात. म्हणूनच या चीजचा वास आणि बुटाचा वास यांत इतके साम्य असते.

या साम्यातून एक महत्त्वाचा शोध लागला. आफ्रिकेत मलेरियाचा फैलाव करणारा अ‍ॅनॉफिलीस गॅम्बी नावाचा डास आहे. बार्ट नोल्स आणि रुर्ड डी याँग या डच शास्त्रज्ञांना असे दिसून आले, की बसलेल्या माणसाला या जातीची मादी बहुतेक करून पावलांवर आणि घोट्यांवर चावते. तिला पावलांचा वास ओढून आणत असावा, अशी शंका त्यांना आली. जंतुनाशक साबणाने पाय धुतल्यावर चाव्यांच्या जागा बदलल्या. पुढे लिम्बर्गर चीजच्या वासाकडेही हे डास आकर्षित होतात, असे प्रयोगांत आढळले. मलेरियाने आफ्रिकेत दरवर्षी लाखो जीव जातात, आणि त्यांत लहान मुलांची संख्या सर्वांत मोठी असते. पावलांच्या वासाचा अभ्यास अशा रीतीने डासांना फसवणारे सापळे शोधण्याच्या कामी आला.

हसू आणि विचार

1991 साली अमेरिकेत 'इग नोबेल' नावाची पारितोषिके सुरू झाली. जे संशोधन ऐकून माणूस आधी हसतो आणि मग विचार करू लागतो, अशा संशोधनाला ती दिली जातात. पावलांच्या आणि बुटांच्या वासाने हा मान तीन वेळा मिळवला आहे. 1992 साली तो शिसेडोच्या संशोधकांना मिळाला, आणि 2006 साली नोल्स व डी याँग यांना मिळाला. तिसऱ्या खेपेस, म्हणजे 2025 साली, तो विकाश कुमार आणि सार्थक मित्तल या दोन भारतीयांना मिळाला.

या दोघांनी दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातील वसतिगृहाचे निरीक्षण केले. पुष्कळ विद्यार्थी आपले बूट खोल्यांबाहेर काढून ठेवत असत. जागा अपुरी म्हणून असे होत असेल, असे प्रथम वाटले. परंतु चौकशी करता खरे कारण वास हे निघाले. मग त्यांनी बूट ठेवण्याचे असे कपाट तयार केले, की ज्यात जंतूंचा नाश करणारे अतिनील किरण बुटांवर सोडता येतात. दोन-तीन मिनिटांत वास जातो, असे त्यांना आढळले. किरण फार वेळ सोडले असता बूटच तापू लागतात, हेही त्यांनी नमूद केले. असे किरण डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असतात; म्हणून हा प्रयोग कोणी घरी करू नये. त्यांनी इतरांप्रमाणे नाक मुरडले नाही, तर कारण शोधले, ही घेण्यासारखी गोष्ट होय.

उपायांचे मूळ

कारण कळले, म्हणजे उपायही सुचू लागतात. पुष्कळ लोक बुटात अत्तर शिंपडतात किंवा सुवासिक पावडर भरतात. हे म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असे झाले. जंतू तसेच राहतात, ओलही तशीच राहते. फक्त दोन वासांचे मिश्रण होऊन तिसराच विचित्र वास उत्पन्न होतो. काही जण बूट थैलीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. थंडीने जंतूंचे काम थंडावते, पण त्यांतले पुष्कळसे मरत नाहीत. बूट पुन्हा पायांत चढवून ऊब मिळाली, की ते पूर्ववत कामाला लागतात.

जंतूंना त्वचेवरून कायमचे घालवून देणे शक्य नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. त्यांना ओल मिळू द्यायची नाही, एवढे केले तरी पुरे. पावलांच्या वासावरचा मुख्य उपाय 'कोरडेपणा' या एका शब्दात सांगता येईल. बाकीचे सर्व उपाय त्याचे साहाय्यक आहेत.

प्रथम पाय धुण्याविषयी. शाळेतून किंवा मैदानावरून घरी आल्यावर साबण लावून पाय धुवावेत. नुसते पाणी ओतून भागत नाही. बोटांच्या बेचक्यांत बोट घालून तेथील मळ काढावा लागतो. धुण्याइतकेच पुसणे महत्त्वाचे आहे. पुष्कळ मुले पाय धुतात आणि ओल्या पायांवरच मोजे चढवतात; त्यामुळे धुण्याचे श्रम वाया जातात. स्वच्छ पंचाने प्रत्येक बेचके कोरडे करावे आणि थोडा वेळ पाय उघडे राहू द्यावेत. सुटीच्या दिवशी बुटांऐवजी चपला वापराव्यात, म्हणजे पावलांनाही सुटी मिळते.

दुसरी गोष्ट मोज्यांची. कालचा मोजा आज घालू नये. वरून तो स्वच्छ दिसला, तरी त्यात कालचा घाम आणि कालचे जंतू असतातच. मोजे धुताना ते उलटे करावेत, कारण मळ आतल्या बाजूस असतो. सुती मोजे घाम शोषून घेतात. नायलॉनचे मोजे तो फारसा शोषत नाहीत, म्हणून पाऊल ओलेच राहते. सुती मोजा भिजला, की तोही ओल धरून ठेवतो. त्यामुळे पावसाळ्यात दप्तरात मोज्यांचा एक जादा जोड ठेवावा आणि शाळेत पोचल्यावर भिजलेला जोड बदलावा.

तिसरी गोष्ट बुटांची. दिवसभर वापरलेला बूट एका रात्रीत पुरता वाळत नाही. ज्याच्याजवळ दोन जोड असतील, त्याने ते आलटून पालटून वापरावेत. परंतु बहुतेक घरी मुलाचा शाळेचा बूट एकच असतो. अशा मुलानेही निराश होण्याचे कारण नाही. घरी येताच नाड्या पूर्ण सैल करून बुटाची जीभ वर ओढावी, आतले तळ सुटे असल्यास ते काढून वेगळे ठेवावेत, आणि बुटात वर्तमानपत्राच्या कागदाचे बोळे भरावेत. कागद ओल शोषून घेतो. झोपण्यापूर्वी ओले बोळे काढून कोरडे भरले, की सकाळपर्यंत बूट पुष्कळसा वाळतो. कापडी बूट धुवून उन्हात वाळवता येतात. चामड्याचे बूट मात्र प्रखर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत. चामडे कडक होऊन त्याला तडे जातात. त्यांना सावलीतला वाराच मानवतो.

स्वयंपाकघरातील साहाय्यक

वरील तीन गोष्टी नेमाने केल्या, तर बहुतेकांचे काम भागते. न भागल्यास स्वयंपाकघरातील काही पदार्थ मदतीला येतात.

त्यांतला पहिला खाण्याचा सोडा. रात्री प्रत्येक बुटात चमचाभर सोडा भुरभुरावा आणि सकाळी बूट उपडे करून तो झटकून टाकावा. वासाचा पदार्थ आम्ल आहे, आणि सोडा हा आम्लाचा विरोधक आहे. दोघांचा संयोग होऊन एक प्रकारचा क्षार तयार होतो. क्षार आम्लाप्रमाणे हवेत उडत नाही, म्हणून नाकाला वास येत नाही. मात्र सोड्याने चामडे कोरडे पडते. चामड्याच्या बुटांत तो रोज घालू नये.

दुसरा पदार्थ चहा. दोन चमचे चहाची पूड अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळावी. मोठ्या माणसाकडून तो काढा घमेल्यात गाळून घ्यावा, त्यात एक-दोन लिटर थंड पाणी मिसळावे आणि पाणी कोमट झाल्याची खात्री करून त्यात वीस मिनिटे पाय बुडवून बसावे. चहात दूध किंवा साखर अर्थातच घालायची नाही. चहाला जो तुरटपणा असतो, तो टॅनिन या द्रव्यामुळे येतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यातही टॅनिनच असते. कोल्हापुरी चपलांचे चामडे कमावण्यासाठी परंपरेने याच वस्तूंचा उपयोग होत आला आहे. टॅनिनमुळे कच्चे कातडे आवळते, टिकाऊ होते आणि कुजत नाही. माणसाच्या त्वचेवर चहाच्या पाण्याचा परिणाम अर्थात फार सौम्य होतो. तिचा वरचा थर किंचित आवळतो आणि घाम कमी झाल्यासारखा वाटतो. आठवडाभर रोज हा उपाय करून पाहावा. पाय पुसायला जुना पंचा घ्यावा, कारण चहाचे डाग सहज निघत नाहीत.

तिसरा पदार्थ तुरटी. दाढी केल्यावर न्हावी गालावर जो पांढरा खडा फिरवतो, तोच हा. कोमट पाण्यात तुरटीचा खडा काही वेळ फिरवून त्या पाण्याने पाय धुतले, तर त्वचा आवळते. घाम अतिशय येत असेल, तर डॉक्टर जे औषध लावायला देतात, त्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. तुरटीतही अ‍ॅल्युमिनियम असते. मात्र डॉक्टरांचे औषध तुरटीहून तीव्र असते आणि ते त्यांच्या सल्ल्यानेच वापरावे लागते.

चौथा पदार्थ व्हिनेगर, म्हणजेच शिरका. एक भाग व्हिनेगर व दोन भाग पाणी असे मिश्रण करून त्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवले, तर पुष्कळ जंतूंना ती आंबट परिस्थिती मानवत नाही. परंतु पायाला जखम, चीर किंवा भेग असेल, तर हा उपाय मुळीच करू नये. आग होऊन 'रोगापेक्षा उपाय भयंकर' अशी पाळी येईल.

काही लोक उत्साहाच्या भरात व्हिनेगर आणि सोडा एकत्र करतात. भांड्यात फेस उसळतो आणि काहीतरी मोठे काम होत आहे, असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा हे दोन विरोधक एकमेकांशी झुंजून तेथेच निष्प्रभ होतात. हाती उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी. दोन चांगले उपाय एकत्र केल्याने तिसरा अधिक चांगला उपाय होतोच असे नाही.

घरगुती उपाय कोठे थांबतात

प्रत्येक दुखणे घरगुती उपायांनी बरे होत नाही. पावसाळ्यात भाताची लावणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते आणि तिची आग होते. ओले बूट दिवसभर वापरणाऱ्या शहरातील मुलांनाही असाच त्रास होतो. हे काम बहुधा बुरशीचे असते आणि त्यावर औषध लागते. तळपायावर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे पडणे, त्वचा लाल होणे, सूज येणे किंवा पू होणे ही लक्षणे दिसली, तर चहा आणि सोडा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. नेमाने काळजी घेऊनही वास जात नसेल, तरीही त्यांना विचारावे. असे विचारण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांसमोर अशा तक्रारी रोज येत असतात.

घरातील आजीला किंवा आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांच्या पावलांवर हे उपाय करू नयेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते. पाणी किती गरम आहे, हे त्यांना कळत नाही आणि पाय भाजला तरी जाणवत नाही. लहानशी जखमही चिघळू शकते. त्यांचे पाय साध्या पाण्याने धुवून अलगद पुसावेत आणि ते रोज नीट पाहावेत. नातवंडांना आजी-आजोबांची ही सेवा सहज करता येईल.

उंबरठ्याच्या आत

दाराशी पोहे नाकारून परत गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले? त्याचा मित्र दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत, जवळ कोणी नाही असे पाहून, तो म्हणाला, "तू त्या दिवशी का परत गेलास, ते मला कळले. मागच्या वर्षी माझ्याही बुटांना असाच वास येत होता. आईने मला बुटात कागद भरायला शिकवले. तुला दाखवू?" या सांगण्यात उपहास नव्हता, आणि दयेचा आवही नव्हता. जे चारचौघांत बोलले असता मन दुखावते, तेच एकांतात आपुलकीने सांगितले, तर उपकारक ठरते.

त्या सायंकाळपासून मुलाने नेम धरला. घरी येताच पाय धुवायचे, बेचकी पुसायची, मोजे उलटे करून धुवायचे आणि बुटात कागदाचे बोळे भरायचे. शनिवारी रात्री चमचाभर सोडा. पहिल्या दोन-तीन दिवसांत फारसा फरक पडला नाही. परंतु जसजसे बूट रोज कोरडे होऊ लागले, तसतसा वास ओसरत गेला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा मित्राच्या दारी आला. बाहेर पाऊस पडतच होता. त्याने खाली बसून नाड्या सोडल्या, बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवले आणि कोपऱ्यातील बादलीतल्या पाण्याने पाय धुतले. मित्राने दोरीवरचा पंचा त्याच्या हाती दिला.

"काकू, येऊ का आत?" त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता तो उंबरठा ओलांडून आत गेला.